दर्जाची अट फीचरगणिक लिहा, आणि ती यंत्राकडून तपासून घ्या

सॉफ्टवेअरच्या बहुतेक करारपत्रांत आणि रिक्वायरमेंटच्या दस्तऐवजांत शेवटी एक पान असते: ‘प्रणाली जलद असावी, सुरक्षित असावी, वापरायला सोपी असावी, चोवीस तास उपलब्ध असावी.’ या पानावर बैठकीत वाद होत नाही आणि पुढे कोणी ते उघडतही नाही. टेस्टरला त्यावरून एकही टेस्ट लिहिता येत नाही. प्रोग्रामरला कुठे थांबायचे ते कळत नाही. वापरणाऱ्याची तक्रार आली की ‘जलद’ म्हणजे किती, यावर चर्चा सुरू होते, आणि तोवर डिझाइन बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.

माझ्या मते यामागचे मोठे कारण एकच आहे. आपण दर्जाची अट अख्ख्या प्रणालीला लावतो, पण वापरणाऱ्याला दर्जा जाणवतो तो एकेका फीचरमध्ये. एकाच ॲपमधल्या दोन पडद्यांच्या गरजा परस्परविरुद्ध असू शकतात. म्हणून अट फीचरच्या शेजारी लिहायची, आकड्यात लिहायची आणि ती मोडली तर बिल्ड (कोडपासून ॲप तयार होण्याची स्वयंचलित प्रक्रिया) थांबेल अशी सोय करायची. हे कसे करायचे ते पुढे पायरीपायरीने मांडतो.

उदाहरणासाठी गावातल्या सहकारी दूध संस्थेचे ॲप घेऊ. त्यात चार फीचर आहेत असे समजा. पहिले, संकलन केंद्रावरची दूध नोंद: सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येतात, वजन होते, यंत्र फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन घटक) दाखवते, दरपत्रकावरून दर लागतो आणि पावती निघते. दुसरे, दर दहा दिवसांचे बिल. तिसरे, प्रत्येक नोंदीनंतर सभासदाला जाणारा एसएमएस. चौथे, सचिवांसाठी मासिक अहवाल. मासिक अहवाल निघायला अर्धा मिनिट लागला तरी चालेल. दूध नोंदीला अर्धा मिनिट लागला तर रांग रस्त्यापर्यंत जाईल आणि उन्हाळ्यात दूध नासेल. ‘ॲप जलद असावे’ हे एक वाक्य या दोन्हींना कसे पुरणार?

पायरी १: फीचर घ्या आणि त्याचे दोन-तीनच गुण निवडा

गुणांची यादी शून्यातून करायची गरज नाही. आयएसओ/आयईसी २५०१० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२३ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या दर्जाचे नऊ गट आहेत: कार्यात्मक योग्यता, कामगिरी, सुसंगतता, वापरकर्त्याशी होणारा व्यवहार, विश्वासार्हता, माहितीची सुरक्षा, देखभालीची सोय, लवचिकता आणि जीवित-मालमत्तेची सुरक्षितता. ही यादी भरण्याचा फॉर्म म्हणून वापरू नका. नऊ गट गुणिले सगळी फीचर असा तक्ता केला, तर तो भरण्यातच महिना जातो आणि त्यातल्या बहुतेक रकान्यांत ‘मध्यम’ असे लिहिले जाते.

त्याऐवजी प्रत्येक फीचरसाठी एक प्रश्न विचारा: हा गुण कमी पडला तर नुकसान कोणाचे आणि किती? दूध नोंदीत नेट गेल्यामुळे नोंद हरवली तर सभासदाचे पैसे बुडतात, म्हणून विश्वासार्हता पहिली. रांग असते, म्हणून वेग दुसरा. ऑपरेटरचे हात ओले असतात आणि पहाटे उजेड कमी असतो, म्हणून मोठी बटणे आणि ठळक अक्षरे तिसरी. बिलात वेग दुय्यम आहे. पैशाचा हिशेब अचूक असणे आणि एकाचे बिल दुसऱ्याला न दिसणे या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. मासिक अहवालासाठी मी दर्जाची वेगळी अट लिहिणारच नाही. काही फीचरांना स्वतंत्र अट नसणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे, आणि तो तसा नोंदवून ठेवावा.

या बैठकीला केंद्रावर प्रत्यक्ष नोंद करणारा माणूस हवाच. ओल्या हातांची गोष्ट पुण्यात एसी खोलीत बसून सुचत नाही.

पायरी २: अट सहा भागांत लिहा

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने दर्जाची अट प्रसंगाच्या रूपात लिहिण्याची पद्धत रूढ केली. तिचे सहा भाग आहेत: घटना कोणामुळे घडते, काय घडते, कोणत्या भागावर घडते, तेव्हा परिस्थिती काय असते, प्रणालीने काय करायचे, आणि ते केले हे कशाने मोजायचे. दूध नोंदीची वेगाची अट या साच्यात अशी दिसते:

ओळख: दूनों-१
कोणामुळे: केंद्राचा ऑपरेटर
घटना: वजन, फॅट आणि एसएनएफ भरून ‘नोंद करा’ दाबतो
भाग: फोनवरचा नोंदीचा पडदा आणि त्यामागचा डेटाबेस
परिस्थिती: केंद्राला दिलेला फोन, त्यात एका वर्षाच्या नोंदी साठलेल्या, नेट बंद
प्रतिसाद: रक्कम दिसते आणि पावती छपाईला जाते
माप: सलग ५०० नोंदींपैकी ९५ टक्के नोंदी १ सेकंदाच्या आत, आणि एकही ३ सेकंदांच्या वर नाही

यातला सर्वात दुर्लक्षित भाग परिस्थितीचा. विकसकाच्या नव्या फोनवर, रिकाम्या डेटाबेसवर, ऑफिसच्या वायफायवर प्रत्येक ॲप वेगवान असते. ‘एका वर्षाच्या नोंदी साठलेल्या’ या चार शब्दांमुळे टेस्ट लिहिणाऱ्याला आधी एक लाखाच्या आसपास खोट्या नोंदी भराव्या लागतात, आणि इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसलेली क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) तिथेच पकडली जाते.

पायरी ३: आकडा कुठून आणायचा

इथे लोक अडतात. मग कोणीतरी ‘दोन सेकंद धरू’ म्हणते आणि तो आकडा वर्षानुवर्षे चालतो. आकडा कामातून काढता येतो. समजा केंद्रावर सकाळी दोन तासांत १५० सभासद येतात. म्हणजे एकाला सरासरी ४८ सेकंद. केंद्रावर उभे राहून घड्याळ लावा. वजन, नमुना आणि यंत्राचे मापन यांत ४० सेकंद गेले, तर उरले ८. त्यातले ५ सेकंद ऑपरेटरच्या बोटांना लागतात. सॉफ्टवेअरच्या वाट्याला आले ३ सेकंद. ही झाली सहन होण्याची कमाल मर्यादा. रोजचे लक्ष्य १ सेकंद ठेवायचे, कारण वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ साली मांडलेल्या आणि आजही वापरल्या जाणाऱ्या मर्यादांनुसार ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत माणसाच्या विचाराची लय तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते.

एकाच अटीला दोन आकडे देण्याची ही सवय फार उपयोगी आहे. टॉम गिल्ब यांच्या प्लॅंग्वेज या अटी लिहिण्याच्या पद्धतीत निकषाच्या निरनिराळ्या पातळ्या वेगळ्या नोंदवतात. कमाल मर्यादा ओलांडली तर रिलीज थांबते. लक्ष्य हुकले तर इशारा मिळतो आणि काम यादीत जाते. एकच आकडा असेल तर तो एकतर इतका सैल ठेवला जातो की कधी मोडतच नाही, किंवा इतका कडक की लोक लाल बिल्डकडे बघायचे सोडतात.

सरासरीवर अट कधीही लिहू नका. ९० नोंदी ०.२ सेकंदात आणि १० नोंदी ६ सेकंदांत झाल्या, तर सरासरी ०.७८ सेकंद येते. कागदावर सगळे उत्तम, आणि प्रत्यक्षात दर दहावा सभासद ताटकळतो. म्हणून ९५ वा शतमान वापरायचा: शंभरातल्या पंच्याण्णव वेळा या आकड्याच्या आत. मोजमापे मात्र पुरेशी हवीत. वीस मोजमापांवरून काढलेला ९५ वा शतमान म्हणजे जवळजवळ सर्वात हळू मोजमापच, आणि ते दर वेळी उडी मारते. निदान काही शे मोजमापे घ्या.

उपलब्धतेच्या आकड्याचेही असेच. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत ४३.२ मिनिटे बंद. ऐकायला छान. पण ती ४३ मिनिटे सकाळी सात वाजता आली तर दूध संकलनाचे सकाळचे सत्र विस्कळीत झाले, आणि रात्री दोनला आली तर कोणाला कळणारही नाही. दूध नोंदीसाठी अट सत्रांमध्ये लिहा: महिन्यातल्या ६० सत्रांपैकी एकाही सत्रात नोंद थांबता कामा नये. ही अट वाचताच लक्षात येते की ती सर्व्हर मजबूत करून पुरी होणार नाही. नोंद फोनवरच पूर्ण व्हायला हवी. नीट लिहिलेली अट अशी डिझाइन ठरवते, म्हणून ती कोड लिहिण्याआधी लिहायची.

पायरी ४: अट कोडच्या शेजारी ठेवा

वर्ड फाइलमध्ये किंवा ईमेलमध्ये ठेवलेली अट मरते. ती रिपॉझिटरीत (कोडच्या सामायिक साठ्यात), त्या फीचरच्याच फोल्डरमध्ये, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असावी. मग आकडा बदलायचा असेल तर कमिट (बदलाची नोंद) करावे लागते, रिव्ह्यू होतो, आणि कोणी, कधी, का बदलला याचा इतिहास राहतो.

वर्तनाच्या अटींसाठी मी गर्किन (साध्या वाक्यांत टेस्ट लिहिण्याची पद्धत) वापरण्याचा आग्रह धरतो, आणि आपल्यासाठी एक चांगली गोष्ट म्हणजे क्युकंबर या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या गर्किनमध्ये मराठी कीवर्ड अंगभूत आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत मराठी दिला की असे लिहिता येते:

वैशिष्ट्य: दूध नोंद

@दूनों-२
परिदृश्य: नेट नसताना केलेली नोंद हरवत नाही आणि दुबार होत नाही
जर केंद्राच्या फोनचे नेट बंद आहे
जेव्हा ऑपरेटर सलग ४० नोंदी करतो
आणि विसाव्या नोंदीनंतर ॲप बळजबरीने बंद केले जाते
आणि नेट परत येते
तेव्हा ५ मिनिटांत सर्व्हरवर नेमक्या ४० नोंदी दिसतात

ही फाइल संस्थेच्या सचिवांना वाचायला देता येते. ते वाचून म्हणतात, ‘दुबार नोंदीचं ठीक, पण चुकीची नोंद दुरुस्त केली आणि मग नेट आलं तर?’ आणि एक राहून गेलेला प्रसंग हाती लागतो. एवढ्यासाठीच मराठीत लिहिण्याचे कष्ट वसूल होतात. वेगासारख्या निव्वळ आकड्यांच्या अटींसाठी मात्र गर्किनचा अट्टहास नको. त्या वरच्या सहा भागांच्या साच्यात ठेवून आकडा टेस्टला थेट वाचू द्या. आकडा दोन ठिकाणी लिहिला की कधीतरी ते दोन वेगळे होतातच.

पायरी ५: प्रत्येक अटीला तिची तपासणी

इथून पुढचे काम अटीच्या जातीप्रमाणे बदलते.

नेट तुटण्याची तपासणी. शॉपिफायने तयार केलेले टॉक्सिप्रॉक्सी हे मुक्त साधन ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसते आणि सांगाल तेव्हा विलंब घालते, बँडविड्थ कमी करते, जोडणी तोडते. सर्वात महत्त्वाचा प्रसंग असा: सर्व्हरने नोंद स्वीकारली, पण उत्तर परत येताना जोडणी तुटली. फोनला वाटते नोंद गेली नाही, तो पुन्हा पाठवतो, आणि सभासदाच्या नावावर दूध दोनदा चढते. यावर उपाय म्हणजे नोंदीचा एकमेव क्रमांक फोनवरच तयार करणे आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करणे. टेस्टने फक्त परतीचा मार्ग तोडून नेमका हाच प्रसंग उभा केला पाहिजे. दोन्ही बाजूंनी नेट तोडले तर तो कधी दिसतच नाही.

फोनवरचा डेटाबेस एसक्यूलाइट असेल तर आणखी एक बारकावा आहे. तो वॉल पद्धतीने (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहून) चालत असेल आणि सिंक्रोनस सेटिंग (लिहिलेले कायमच्या साठ्यात पोहोचल्याची किती खात्री करायची ते) ‘नॉर्मल’ असेल, तर ॲप कोसळल्यावर नोंदी सुरक्षित राहतात, पण फोनची वीजच गेली तर शेवटच्या काही नोंदी नाहीशा होऊ शकतात. बळजबरीने ॲप बंद करणारी टेस्ट हे पकडत नाही. दूध नोंदीसाठी सेटिंग ‘फुल’ ठेवा, आणि ॲप सुरू होताना हे सेटिंग वाचून खात्री करणारी छोटी टेस्ट लिहा. अहवालाच्या तात्पुरत्या साठ्यासाठी ‘नॉर्मल’ पुरेसे आहे. फीचरगणिक विचार करण्याचा फायदा इथे थेट दिसतो: महागडी हमी जिथे लागते तिथेच विकत घेतली.

वेग. फोनवरच्या वेगासाठी अँड्रॉइडचे मॅक्रोबेंचमार्क हे वेग मोजणारे साधन, सर्व्हरसाठी के-६ हे भार टाकून मोजणारे साधन. के-६ मध्ये प्रत्येक विनंतीला फीचरच्या नावाचा टॅग लावता येतो आणि त्या टॅगपुरती मर्यादा घालता येते: बिलाच्या विनंत्यांचा ९५ वा शतमान ८०० मिलिसेकंदांच्या आत, शोधाच्या विनंत्यांचा ३०० च्या आत. मर्यादा मोडली की के-६ शून्येतर एक्झिट कोड (अपयशाचा संकेत) देऊन बाहेर पडते आणि पाइपलाइन (बिल्ड आणि तपासण्यांची स्वयंचलित साखळी) आपोआप थांबते. टॅग न लावता सगळ्या विनंत्यांची एकत्र मर्यादा घातली, तर हजारो हलक्या विनंत्यांमध्ये एक जड फीचर सहज लपते.

भार कसा टाकता यालाही महत्त्व आहे. बिल तयार झाल्याचा संदेश गेला की सभासद एकाच वेळी ॲप उघडतात. सर्व्हर हळू झाला म्हणून ते उघडायचे थांबत नाहीत. ठरावीक संख्येचे आभासी वापरकर्ते ठेवून चाचणी केली, तर प्रत्येक जण आधीच्या उत्तराची वाट पाहतो, सर्व्हर हळू होताच भारही कमी होतो आणि निकाल खोटा चांगला येतो. के-६ मध्ये दर सेकंदाला ठरावीक विनंत्या सोडणारी पद्धत आहे. अशा फीचरसाठी तीच निवडा.

पैशाचा हिशेब. इथे निवडक उदाहरणांच्या टेस्ट पुरत नाहीत. कोणत्याही इनपुटला खरे ठरले पाहिजेत असे नियम लिहा आणि यंत्राला शेकडो इनपुट तयार करू द्या. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली हॅस्केल भाषेसाठी मांडलेल्या क्विकचेकपासून ही पद्धत पसरली. पायथनमध्ये हायपोथेसिस, जावास्क्रिप्टमध्ये फास्ट-चेक ही तशी साधने. दूध बिलाचे नियम असे: पावत्यांच्या रकमांची बेरीज बिलातल्या एकूण रकमेइतकीच, एका पैशाचाही फरक नाही. नोंदींचा क्रम बदलला तरी बिल तेच. नोंद करून ती रद्द केली तर बिल आधीसारखेच. दरपत्रकात फॅट वाढल्याने दर कधीही कमी होत नाही. रुपये फ्लोट प्रकारच्या दशांशात साठवले असतील तर पहिला नियम काही सेकंदांत मोडतो, कारण दोनच्या पायावर चालणाऱ्या गणकाला ०.१ नेमका मांडता येत नाही. रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि गोलाई एकाच ठिकाणी करा.

कोणाला काय दिसते. ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या एपीआय (ॲपने सर्व्हरशी बोलण्याचे मार्ग) धोक्यांच्या यादीत २०१९ आणि २०२३ या दोन्ही वेळा पहिला क्रमांक एकाच चुकीला मिळाला आहे: लॉगिन झालेला माणूस फक्त क्रमांक बदलून दुसऱ्याची माहिती पाहू शकतो. हे तपासायला महागडे स्कॅनर लागत नाहीत. ऑपरेटर, सभासद, सचिव या भूमिका आडव्या आणि एपीआयचे सगळे मार्ग उभे, असा तक्ता फाइलमध्ये ठेवा. टेस्टने ओपनएपीआय या मानक साच्यातल्या एपीआयच्या वर्णनातून सगळे मार्ग स्वतः वाचावेत, प्रत्येक मार्गावर दुसऱ्या सभासदाच्या टोकनने (लॉगिनच्या ओळखखुणेने) विनंती पाठवावी आणि नकार मिळतो का ते पाहावे. तक्त्यात नसलेला नवा मार्ग सापडला तर टेस्ट नापास. या शेवटच्या नियमाची किंमत सर्वाधिक आहे, कारण गळती बहुधा घाईघाईत जोडलेल्या नव्या मार्गातून होते.

मराठी मजकूर. आपल्याकडच्या फीचरांना ही अट हवीच, आणि बाहेरच्या तयार याद्यांत ती सहसा सापडत नाही. एसएमएस घ्या. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी वेगळी सांकेतिक पद्धत लागते आणि मर्यादा ७० वर येते. त्याहून मोठा संदेश ६७-६७ च्या तुकड्यांत जातो आणि दोन संदेशांचे पैसे लागतात. आता हा मजकूर पाहा: ‘दि. १२ सकाळ: ८.५ लि, फॅट ४.२, एसएनएफ ८.६, दर ३७.५०, रु. ३१८.७५’. याची लांबी ६२ भरते. सुरुवातीला ‘ज्ञानेश्वर’ आणि एक जागा जोडली की ७३, म्हणजे मर्यादा ओलांडली. डोळ्यांना ज्ञानेश्वर चार अक्षरांचा दिसतो, पण मात्रा, हलन्त आणि जोडाक्षराचा प्रत्येक भाग वेगळा मोजला जाऊन त्याची दहा चिन्हे होतात. अट: सर्वात लांब नाव आणि सर्वात मोठी रक्कम घेऊनही संदेश ७० चिन्हांच्या आत. तपासणी: टेम्पलेटमध्ये टोकाच्या किमती भरून लांबी मोजणारी दहा ओळींची टेस्ट.

नावाच्या शोधाचेही पाहा. ‘कुऱ्हाडे’ मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एका कीबोर्डने भरलेले नाव दुसऱ्या कीबोर्डने शोधल्यावर सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरण (दोन्ही रूपांचे एकच रूप) करा, आणि दोन्ही रूपांनी शोधून तोच सभासद सापडतो अशी टेस्ट त्या फीचरच्या अटीला जोडा.

दिसणे आणि बोट पोहोचणे. वेब पडद्यांसाठी ॲक्स-कोअर हे साधन, अँड्रॉइडसाठी एस्प्रेसो या टेस्टच्या साधनातल्या ॲक्सेसिबिलिटी (सर्वांना वापरता येण्याच्या) तपासण्या. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या मानकाच्या डबल-ए पातळीला साध्या मजकुराचा रंगभेद (अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) ४.५ ला १ आणि मोठ्या मजकुराचा ३ ला १ लागतो. दाबायच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची (पडद्याच्या घनतेनुसार जुळणाऱ्या मापाची) आहे. दूध नोंदीच्या बटणांसाठी मी याहून मोठे माप लिहीन, कारण मानक किमान सांगते आणि ओला अंगठा किमानावर भागत नाही.

देखभालीच्या अटी थोडक्यात: दर काढण्याच्या भागाने पडद्याच्या कोडवर अवलंबून राहू नये, असे नियम जावात आर्चयुनिट या साधनाने टेस्टसारखेच लिहिता येतात.

पायरी ६: कोणती तपासणी कधी

सगळ्या तपासण्या प्रत्येक कमिटला चालवल्या तर पाइपलाइन तासभर अडते आणि लोक तिला वळसा घालतात. भूमिकांचा तक्ता, हिशेबाचे नियम, एसएमएसची लांबी, शोध, रंगभेद आणि आर्चयुनिट प्रत्येक कमिटला. मिळून काही मिनिटे. टॉक्सिप्रॉक्सी आणि खऱ्या फोनवरचे मॅक्रोबेंचमार्क रोज रात्री. के-६ चा पूर्ण भार रिलीजआधी, प्रत्यक्षासारख्या सर्व्हरवर.

सामायिक क्लाउड मशिनवर मिलिसेकंद मोजून बिल्ड थांबवू नका. शेजारी कोणाचे काम चालू आहे यावर आकडा हलतो आणि विनाकारण लाल झालेली बिल्ड सगळ्या तपासण्यांवरचा विश्वास घालवते. तिथे न हलणाऱ्या गोष्टी मोजा: बिलाचा पडदा उघडताना डेटाबेसकडे किती क्वेरी गेल्या, नेटवरून किती किलोबाइट आले. ‘बिलात १० पावत्या असोत की २०, क्वेरी ४ च्या वर नाहीत’ ही अट दर वेळी तेच उत्तर देते, आणि सर्व्हर हळू होण्याचे नेहमीचे कारण, म्हणजे प्रत्येक पावतीसाठी वेगळी क्वेरी, कमिटच्या क्षणी पकडते.

पायरी ७: तपासणीलाच तपासा

कधीच नापास न झालेल्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. नवी तपासणी जोडताना ती मुद्दाम एकदा मोडून पाहा: नोंदीच्या कोडमध्ये चार सेकंदांची झोप घाला, भूमिकेची तपासणी काढून टाका, नोंदीचा क्रमांक सर्व्हरवर तयार करा. बिल्ड लाल झाली तरच तपासणी मान्य, आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) त्या लाल बिल्डचा दुवा द्यायचा असा नियम करा. हिशेबाच्या कोडसाठी हे काम यंत्रही करते: जावात पिट आणि जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रायकर तुमच्या कोडमध्ये छोटे बिघाड पेरतात आणि एकही टेस्ट ओरडली नाही असे बिघाड दाखवतात. सगळ्या कोडवर चालवू नका, फार वेळ लागतो; जिथे पैसा आहे तिथे चालवा.

पायरी ८: अट आणि तपासणी यांची गाठ

पन्नासेक ओळींची एक स्क्रिप्ट लिहा. ती सगळ्या फीचर फोल्डरांतून अटींच्या ओळखी वाचते, सगळ्या टेस्टमधले टॅग वाचते आणि दोन गोष्टी पाहते: प्रत्येक अटीला निदान एक टेस्ट आहे का, आणि प्रत्येक टॅगची अट अस्तित्वात आहे का. काहीही लोंबकळत असेल तर बिल्ड थांबते. एवढ्याने ‘लिहिलेली पण कधीच न तपासलेली’ अट हा प्रकार संपतो.

काही अटी यंत्राला तपासता येत नाहीत. ॲक्स-कोअर रंगभेद मोजते, पण टॉकबॅक हा अँड्रॉइडचा पडदा वाचून दाखवणारा वाचक ‘एसएनएफ’ मराठीत समजेल असे वाचते का, हे कानांनीच ऐकावे लागते. अशा अटीला टेस्टऐवजी हाताने केलेल्या तपासणीची तारीख आणि किती दिवसांनी पुन्हा करायची ते लिहा; मुदत उलटली की तीच स्क्रिप्ट बिल्ड थांबवेल. सवलतींनाही तोच नियम. एखादी अट या रिलीजला पुरी होत नसेल, तर सवलतीची नोंद फाइलमध्ये करा: कारण, जबाबदार माणूस, शेवटची तारीख. बिनतारखेची सवलत स्क्रिप्टने स्वीकारूच नये.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष वापरात होते. ओपनटेलीमेट्री या साधनाने चालू ॲपची मापे गोळा करताना प्रत्येक मापाला फीचरचे नाव आणि सत्र जोडा. मग दूनों-१ चा ९५ वा शतमान केंद्रागणिक, सकाळ-संध्याकाळ वेगळा दिसतो, आणि वरचे एक सेकंदाचे गणित खऱ्या रांगेशी जुळते का ते कळते. नाही जुळले, तर केंद्रावर पुन्हा घड्याळ लावा आणि अटीच्या फाइलमधला आकडा कारणासह बदला. पुढच्या बिल्डपासून सगळ्या टेस्ट तोच नवा आकडा वाचतील.